जुन्या पिकअपला भंगारातील सीट : सौदा करण्यापूर्वी पालथी करून पाहा

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लहान व्यापाऱ्याचे अर्धे दुकान गावात असते आणि अर्धे गाडीत. कापड विका, भांडी विका की चपला, आठवडी बाजार गाठायचा तर पिकअप लागतेच. इंजिनाचा आवाज बदलला की आपण लगेच मिस्त्रीकडे जातो. पण ज्या सीटवर माणूस रोज पाच-सहा तास बसतो, ती फाटली, स्प्रिंग टोचू लागली, तरी वर गोणपाट टाकून वर्षे काढतो. मग कंबर धरते, मानेला पट्टा येतो आणि डॉक्टरचे बिल सीटपेक्षा मोठे होते.

नवी सीट महाग वाटते म्हणून बरेच जण मोडीत निघालेल्या गाडीची सीट आणून बसवतात. यात गैर काही नाही. उलट पैसा वाचतो आणि चांगली वस्तू वाया जात नाही. पण ही खरेदी कशी करू नये, हे मी माझ्या चुकीवरून सांगतो.

मी गिऱ्हाइकाला नेहमी सांगतो, कापडाची उलटी बाजू पाहा, विणकाम तिथे कळते. सीट घेताना मात्र मी स्वतः वरचे चकचकीत रेक्झीनच पाहिले. सीट मोटारीची होती. तिची छिद्रे आमच्या पिकअपच्या छिद्रांशी जुळेनात. बसवणाऱ्याने पत्र्याला नवी छिद्रे पाडली आणि साधे बोल्ट आवळून दिले. सीटबेल्टचे बक्कलही जुळेना, म्हणून बेल्ट तसाच लोंबकळत राहिला. तिसऱ्याच आठवड्यात बुलढाण्याहून मलकापूरकडे येताना राजूर घाटात समोर म्हैस आली. भाच्याने जोरात ब्रेक दाबला. मागचे दोन्ही बोल्ट पत्रा फाडून वर आले, सीट पुढे कलंडली आणि त्याची छाती स्टिअरिंगवर आदळली. गाडी डोंगराच्या बाजूला थांबली म्हणून जीव वाचला. दोन महिने तो घरी बसला. वाचवलेले पैसे त्यात गेलेच, वर किती गेले हे मोजायला नको.

असे का होते?

ब्रेक लागला की गाडी थांबते, पण माणसाचे आणि सीटचे वजन पुढे धावते. सीट पुढे कलंडू पाहते, म्हणून सगळा ओढा मागच्या बोल्टांवर येतो. बोल्ट कितीही मजबूत असला तरी खाली नुसता पातळ पत्रा असेल तर बोल्ट तुटत नाही, पत्रा फाटतो. कंपनीने मूळ छिद्रांखाली जाड पट्टी किंवा आडवा कणा दिलेला असतो. मूळ जागेचे महत्त्व त्यामुळेच आहे.

आधी माप, मग सौदा

शक्य असेल तर आपल्याच गाडीच्या जातीची सीट शोधा. बोलेरो पिकअपला बोलेरोची, टाटा २०७ ला २०७ ची. तरीही टेप घेऊनच जा, कारण वर्षागणिक बनावट बदलते. पुढच्या आणि मागच्या बोल्टांतील अंतर, डाव्या-उजव्या रेलमधील अंतर, तळापासून बैठकीची उंची आणि सीटची रुंदी लिहून घ्या. सीट उंच झाली तर डोके छताला लागते, रुंद झाली तर गिअर किंवा हँडब्रेक अडतो. क्लच पूर्ण दाबताना मांडी स्टिअरिंगला लागू नये.

पालथी करून काय पाहावे?

सीट सपाट जमिनीवर ठेवा. चारही पाय टेकले नाहीत तर सांगाडा वाकलेला आहे, म्हणजे बहुधा गाडीला अपघात झालेला आहे. ती सोडून द्या. वेल्डिंगच्या सांध्यांवर बारीक चीर आहे का पाहा. रेल पुढे-मागे सरकवा. दोन्ही बाजूंचा खटका एकाच वेळी बसला पाहिजे. पाठ मागे-पुढे करून धक्का द्या, खटका सुटता कामा नये. खाली गाळाची रेघ आणि कुबट वास असेल तर सीट पुराच्या पाण्यातील आहे. काथ्याचे भरण हाताने चुरले आणि भुकटी पडली तर ते संपलेले आहे. नव्या मोटारीच्या सीटखाली पिवळ्या रंगाचा वायरचा जोड दिसला तर बाजूची एअरबॅग आत असू शकते. अशा सीटच्या वाटेला जाऊ नका, उसवणे तर दूरच.

सीटबेल्ट मात्र जुना कधीही घेऊ नये. एकदा अपघातात ताणलेला पट्टा वरून चांगला दिसतो, दुसऱ्यांदा दगा देतो. आपला मूळ बेल्ट ठेवा किंवा नवा घ्या. काही गाड्यांत बक्कल जमिनीला असते, काहींत सीटच्या सांगाड्याला. सांगाड्याला असेल तर माणसाचा भारही सीटच्याच बोल्टांवर येतो, हे ध्यानात ठेवा.

बसवणी

मूळ छिद्रेच वापरा. छिद्रे जुळत नसतील तर मूळ जागेवर बसेल अशी जाड लोखंडी चौकट करून घ्या. नवे छिद्र पाडावेच लागले तर पत्र्याखाली जाड प्लेट हवी, नुसते वॉशर पुरत नाही. बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा आकडा पाहून घ्या आणि नायलॉनचे नट लावा. छिद्र पाडण्यापूर्वी खालून डिझेलची नळी, वायर जाते का पाहा. वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढा. रेलला वेल्डिंग करू देऊ नका, उष्णतेने ती वाकते.

भरण आणि कापड

आमच्या भागातील पिंजारी-मन्सुरी बांधवांच्या हातात गादी भरण्याचे पिढीजात कसब आहे. सीटचे काम त्यांना जमण्यासारखे आहे. पण सीटमध्ये कापूस भरू नये. तो घाम धरतो, गोळा होतो. ४० डेन्सिटीचा फोम टिकतो. विदर्भाच्या उन्हात रेक्झीन तापते, म्हणून वरून जाड सुती कापडाचे, काढून धुता येईल असे कव्हर शिवा. शिवण पॉलिस्टर दोऱ्याची घाला. सुती दोरा घामाने आणि उन्हाने कुजतो.

कागद सांभाळा

सीट कोणत्या गाडीची, हे लिहिलेले बिल मागा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. मोडीच्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये नोंदणीकृत केंद्रांचे नियम काढले आहेत. अशा केंद्राचा माल मिळाला तर उत्तम. आरसी पुस्तकात जितक्या सीट लिहिल्या आहेत तितक्याच ठेवा. दोनाच्या जागी तिघांचा बाक टाकणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकते. आठ वर्षांवरील मालगाडीला दरवर्षी फिटनेस लागते. सैल सीट तिथे पकडली जाईल, पण तोवर वाट कशाला पाहायची?

आता आमच्या पिकअपमध्ये दुसरी सीट आहे. तीही भंगारातीलच, पण त्याच जातीच्या गाडीची. या वेळी कव्हरवर कमी आणि प्लेट, बोल्ट, बेल्ट यांवर जास्त खर्च केला. भाचा पुन्हा तीच गाडी चालवतो. दर महिन्याला मी स्वतः पाना घेऊन चारही बोल्ट तपासतो. पाच मिनिटांचे काम आहे, तुम्हीही करा.