तंबाखूनं ताण जातो?

पवना धरणाच्या पायथ्याचं पवनानगर असो की लोणावळा, तळहातावर तंबाखू-चुना मळणाऱ्याचं उत्तर ठरलेलं: ‘डोकं हलकं होतं.’ शरीराचा हिशेब मात्र उलटा आहे. अल्कधर्मी चुन्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या अस्तरातून झटपट रक्तात उतरतं. अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात, नाडी-रक्तदाब चढतो. मेंदूच्या आदेशावरून कॉर्टिसॉलही वाढू शकतं. संकटात व्हावं ते सगळं, संकट नसताना!

मग हलकं का वाटतं? निकोटिन साधारण २ तासांत निम्मं होतं, तलफेची चिडचिड सुरू होते. पुढची चिमूट मुख्यतः तीच शमवते. २०१६-१७च्या पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेत होते. विडी-सिगारेट ओढणारे अवघे ३.८ टक्के. सोडायची असल्यास राष्ट्रीय मोफत मदतवाहिनी आहे: १८००-११२-३५६.