गाडीचे शॉकॲब्सॉर्बर : घरी बसवावेत की गॅरेजात?



गळीत हंगामात पाणंदीची काय दशा होते, हे आपणास सांगावयास नको. उसाच्या ट्रॉल्या जाऊन जाऊन चाकोऱ्या पडतात, मधला उंचवटा मोटारीच्या पोटाला घासतो, आणि त्याच वाटेने दवाखाना, बाजार, लग्नकार्य सगळे करावे लागते. हंगाम आटोपेपर्यंत गाडीतून खडखड ऐकू येऊ लागते. मग घरात वाद सुरू होतो. सामान आणून घरीच बसवायचे, की गॅरेजात गाडी लावून मजुरी मोजायची? आम्ही दोन्ही वाटांनी गेलो आहोत आणि दोन्हीकडे ठेच खाल्ली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिल्यांदा एक घोटाळा दूर करू. गाडीचे वजन पेलते ती स्प्रिंग, किंवा जुन्या गाड्यांत पाटे. शॉकॲब्सॉर्बर वजन पेलत नाही, तो स्प्रिंगची उसळी जिरवतो. आतल्या तेलातून दट्ट्या सरकतो, तेल बारीक भोकांतून जाताना अडते आणि उसळी थांबते. तो बाद झाला की गाडी खड्ड्यानंतर डोलत राहते, ब्रेक लावला की नाक खाली घालते, आणि टायर जागोजागी खळगे पडल्यासारखा झिजतो. उभ्या गाडीचा कोपरा जोराने दाबून सोडावा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा डोलली, किंवा नळीवर तेलाचा ओघळ दिसला, तर बदलायला झाला असे समजावे. एक गेला तरी त्याच्या जोडीचा दुसऱ्या बाजूचाही बदलावा, नाहीतर गाडी एका अंगाने मऊ व दुसऱ्या अंगाने ताठ चालते.

आमच्याकडे पूर्वी महिंद्राची जीप होती, चारी चाकांना पाटे. तिचे काम आम्ही चिंचेखालीच करीत असू. यू-बोल्ट सोडायचे, पाट्यांचा जुडगा उतरवायचा, तुटलेला पाटा बदलायचा. खबरदारी एवढीच, की मधला बोल्ट काढण्यापूर्वी जुडगा शिकंज्यात घट्ट धरायचा, कारण पाटे दाबलेले असतात, उसळून अंगावर येतात. यू-बोल्ट मात्र नवेच घालावेत, आणि थोडी गाडी चालवून झाल्यावर पुन्हा एकदा आवळावेत. त्या जीपमुळे आमच्या अंगात मिस्त्री संचारला, हे कबूल केले पाहिजे.

नंतर घरात छोटी मोटार आली. २०१९ साली तिच्या पुढच्या आर्मचे रबरी बुश आम्ही एका गॅरेजात बदलून घेतले. बिल मुकाट्याने दिले. सहा महिन्यांत पुन्हा खडखड! खाली वाकून पाहिले तर नवे बुश फाटलेले. गाडी लिफ्टवर, चाके लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळले होते, हे कारण दुसऱ्या एका जाणत्या मिस्त्रीने दाखवले. बुशचे रबर आतल्या व बाहेरच्या नळीला चिकटलेले असते. लोंबत्या चाकावर बोल्ट आवळला, की गाडी जमिनीवर येताच रबराला कायमचा पीळ बसतो, आणि तो पीळ घेऊनच ते पाणंदीतून जाते. म्हणून शेवटचा पान्याचा जोर गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच द्यावा. घाईच्या गॅरेजात हे राहून जाते.

झाले! चिरंजीव म्हणाले, “आबा, पुढचं काम आपणच करू.” मागचे शॉकॲब्सॉर्बर आणले. आमच्या गाडीला मागे स्प्रिंग वेगळी व शॉकॲब्सॉर्बर वेगळा आहे. अशा गाडीत हे काम खरोखर घरी होण्यासारखे असते : वरचा नट, खालचा बोल्ट. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवले. पण अंगणात जॅक लावला तो मातीवर. दुपारी पाणी मारलेली ती माती! जॅक एका बाजूने रुतला, कलंडला आणि गाडी खाली बसली. काढलेले चाक चिरंजीवांनी गाडीखाली आडवे सरकवून ठेवले होते, त्यावर ती टेकली. त्यांचा हात तेवढ्यात पान्यासाठी बाहेर आला होता. घरातून जी बोलणी बसली, ती येथे छापण्याजोगी नाहीत.

पुढच्या खेपेस आम्ही कोब्यावर गाडी घेतली, उरलेल्या चाकांना दगडांची उटी दिली, आणि जॅकच्या भरवशावर न राहता गाडीखाली दोन लोखंडी घोड्या उभ्या केल्या. एका वेळी एकच बाजू सोडली आणि ॲक्सलखाली दुसरा जॅक दिला. नाहीतर शॉकॲब्सॉर्बर निघताच ॲक्सल खाली जाते, ब्रेकचा पाईप ताणतो, स्प्रिंगही निसटू शकते. काम दुपारपर्यंत उरकले, आणि त्या मागच्या जोडीने आजवर तक्रार केलेली नाही.

पुढच्या चाकांचे मात्र वेगळे. आजच्या बहुतेक छोट्या मोटारींना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकॲब्सॉर्बरवरच दाबून बसवलेली स्प्रिंग. तिला स्प्रिंग दाबायच्या अवजारात धरल्याशिवाय वरचा नट सोडला, तर ती माणसाचा जबडा फोडील. भाड्याचे तकलादू अवजार आणून हा उद्योग कोणी करू नये. शिवाय स्ट्रट सोडला की चाकाचा कल बदलतो, अलाइनमेंट करून घ्यावीच लागते, आणि ते यंत्र आपल्या गोठ्यात नाही. मागच्या बाजूसही काही गाड्यांत शॉकॲब्सॉर्बरवरच स्प्रिंग असते. तेथेही हाच नियम.

यंदा आम्ही पुढचे दोन्ही स्ट्रट व पुन्हा एकदा आर्मचे बुश गॅरेजात बदलले. जुने सामान परत मागितले, कामाजवळ उभे राहिलो, आणि बुशचे बोल्ट आवळायच्या वेळी म्हटलं, “मिस्त्री, गाडी आधी खाली घ्या.” ते हसले. “शेतकऱ्याला कसं माहीत हो हे?” म्हणाले, आणि लिफ्ट खाली घेतली.