उजव्या आसनाचा अधिकार

विमान चालविणे हा माझा व्यवसाय आहे हे पेण किंवा रोह्यात कोणास कळले, की प्रश्नांना प्रारंभ होतो. आणि 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून, म्हणजे पेणहून सरळ रेषेत तीस किलोमीटरांच्या आतूनच, उड्डाणे सुरू झाल्यापासून तर ही विचारपूस फारच वाढली आहे. मला तिचा कधी कंटाळा आला नाही, कारण ज्यांचा विमानाशी तिकिटापुरताही संबंध आलेला नाही, त्यांच्या कुतूहलात पुष्कळदा मर्मावर बोट ठेवण्याची शक्ती असते. रोह्याच्या स्थानकावर एका एस.टी. चालकाने विचारले, "साहेब, विमान मागं कसं घेता?" विमानाच्या चाकांना इंजिनाची गती मिळत नाही, इंजिने वायू मागे लोटतात आणि त्या रेट्याने विमान पुढे सरकते, म्हणून मागे घ्यावयाचे झाल्यास पुढच्या चाकापाशी ट्रॅक्टर लावून ते ढकलावे लागते, हे त्याने क्षणात आकलन केले. माझ्या मावशीचा प्रश्न निराळा: "वरून आपलं घर दिसतं का रे?" घर दिसत नाही, परंतु दक्षिणेकडून मुंबईस उतरताना आकाश निरभ्र असले, तर रेवदंड्यापाशी समुद्रास मिळणारी कुंडलिका आणि धरमतरच्या खाडीकाठची खारी जमीन कधी कधी स्पष्ट ओळखू येते.

हादऱ्यांचे भय सर्वांनाच असते. पंख लवतात ते लवण्यासाठीच घडविलेले असतात, आणि सेवेत अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या दीडपट भार सोसण्याचे सामर्थ्य सिद्ध झाल्याखेरीज विमानाच्या रचनेस मान्यता मिळत नाही, एवढे सांगितले की बहुतेकांचा जीव भांड्यात पडतो. "सगळं यंत्रच करतं ना?" याचे उत्तरही थोडक्यात देता येते: वाटचालीचा बहुतांश भाग यंत्र सांभाळते, पण उतरणे बहुधा आम्हीच हाताने करतो, आणि केव्हा उतरू नये हे तर आम्हालाच ठरवावे लागते.

या शेवटच्या वाक्यापाशी मात्र मी थांबतो, कारण लोखंडाचा एवढा डोलारा हवेत राहतो यावर माणसे सहज विश्वास ठेवतात. ज्यावर त्यांचा विश्वास बसत नाही ते निराळेच आहे. दहा हजार फुटांच्या खाली आल्यावर आमच्या कक्षात कामाव्यतिरिक्त एक शब्दही उच्चारावयाचा नाही असा दंडक आहे. एकजण विमान चालवितो. दुसरा वेग, उंची, अवतरणाची गती यांवर अखंड दृष्टी ठेवतो. आषाढातल्या पावसात मुंबईच्या धावपट्टीकडे येताना हजार फुटांवर चाके बाहेर, वेग ठरल्याप्रमाणे आणि खाली येण्याची गती मर्यादेत, असे सर्व जुळलेले असावे लागते. आणि ते जुळलेले नसेल, तर उजव्या आसनावरील सहवैमानिक, मग तो कालपरवा कामावर रुजू झालेला का असेना, "गो-अराउंड" म्हणतो आणि डाव्या आसनावरील कॅप्टनने वाद न घालता विमान पुन्हा वर न्यावयाचे असते. प्रवाशांना वाटते काही तरी बिघडले. वस्तुतः बिघडू नये म्हणूनच ते वर नेलेले असते, आणि पर्यायी विमानतळापर्यंत जाऊन त्यावर आणखी तीस मिनिटे घिरट्या घालता येतील इतके इंधन त्यासाठीच शिलकीत ठेवलेले असते.

रोह्यातले एक निवृत्त अव्वल कारकून हे ऐकून अस्वस्थ झाले. "तलाठ्याने फेरफार लिहावा आणि मंडळ अधिकाऱ्याने तो तपासून प्रमाणित करावा, ही आमची रीत. तपासणी वरून खाली येते. खालच्याने वरच्याला हुकूम द्यायचा म्हणजे कचेरी चालायची कशी? आणि जबाबदारी कोणाची?" जबाबदारी संपूर्णपणे कॅप्टनची, असे मी त्यांना सांगितले, विमान स्वीकारल्याची सही त्याची असते, आणि कनिष्ठाने सावध केले म्हणून ती रतिमात्र कमी होत नाही.

मग मी त्यांना 27 मार्च 1977 चा टेनेरीफ बेटावरील अपघात सांगितला. धुक्याने झाकलेल्या धावपट्टीवर दोन जंबो विमाने एकमेकांवर आदळून 583 माणसे मृत्युमुखी पडली. निघालेल्या विमानातील फ्लाइट इंजिनिअरने, समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूस झाले आहे की नाही, अशी शंका बोलून दाखविली होती. परंतु त्याचा कॅप्टन कंपनीतील अत्यंत ज्येष्ठ आणि नामांकित वैमानिक होता, त्याने ती झटकून टाकली, आणि शंका दुसऱ्यांदा कोणी काढली नाही. अशा दुर्घटनांच्या अभ्यासातून 1979 मध्ये नासाने भरविलेल्या कार्यशाळेनंतर, कनिष्ठाने बोलावे कसे आणि ज्येष्ठाने ऐकावे कसे, याचे रीतसर शिक्षण विमानकंपन्यांत सुरू झाले. अव्वल कारकून बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी एवढेच विचारले, "दुसऱ्यांदा का नाही बोलला तो?" याहून नेमका प्रश्न मला वैमानिकांच्या वर्गातही कोणी विचारलेला नाही.

पेणला गणपतीच्या एका कारखान्यात हीच गोष्ट निघाली, तेव्हा डोळ्यांची आखणी करीत असलेले वृद्ध मूर्तिकार हात न थांबविता म्हणाले, "आमची पोरं बोलायची नाहीत. चुकलेलं दिसलं तरी बोलायची नाहीत. हे शिकवता कसं?" सिम्युलेटरमध्ये शिकवितो, मी म्हणालो. तेथे कॅप्टन मुद्दाम निश्चल बसून राहतो, हाकेला उत्तर देत नाही. दोनदा विचारूनही उत्तर आले नाही, तर सहवैमानिकाने विमान स्वतःच्या ताब्यात घ्यावयाचे असते. थोरांपुढे मान खाली घालावयाचे संस्कार ज्यांच्या अंगात मुरलेले आहेत अशी आपल्याकडील मुले त्या दोन हाकांच्या मधल्या अवधीत घामाघूम होतात, आणि मला त्यांच्याविषयी मनापासून ममता वाटते, कारण तो संस्कार वाईट नाही, फक्त त्या जागी तो घातक आहे.

म्हणून उड्डाणापूर्वी मी सहवैमानिकास सांगतो, की माझे काही चुकते आहे असे वाटले तर खात्री होईपर्यंत थांबू नकोस, लगेच बोल. जो केवळ मान डोलावतो, त्याला वर गेल्यावर मी हवामानाविषयी, इंधनाविषयी, माझ्याच निर्णयांविषयी त्याचे मत विचारीत राहतो, जेणेकरून दहा हजार फुटांखाली येईपर्यंत त्याला माझ्यापुढे बोलण्याची सवय झालेली असावी.