मास्तरीण व्हायचं खरं, पण फी कोण भरणार?

वडगावात आमचं घर मागाचं. पहाटे सुरू झालेली खटखट रात्रीची जेवणं होईपर्यंत थांबायची नाही. अशा घरातून १९८४ साली अण्णांनी मला टी.सी.एच.ला पाठवलं. फी फार नव्हती, पण आमच्याकडे तीही नव्हती. अण्णांनी साडीच्या व्यापाऱ्याकडून उचल घेतली. ती फिटायला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत मंगाईच्या यात्रेला घरात कुणाला नवं कापड आलं नाही. पुढं मी छत्तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं आणि त्या उचलीचं मोल मला दर पगाराच्या दिवशी आठवलं.

आता माझी पुतणी बी.एड. करते आहे. हायस्कूलला मराठी शिकवायचं, तेही बेळगावातच, असा तिचा हट्ट. बी.ए. चांगल्या गुणांनी झालेली. घरात मात्र पुन्हा तोच प्रश्न आला, फी कोण भरणार?

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेत ३५०-अ हे कलम आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्यासाठी पुरेशा सोयी राज्यांनी कराव्यात, असं ते सांगतं. आता सोय म्हणजे काय? इमारत, फळा, पुस्तकं, हे सगळं आलंच. पण मराठीतून शिकलेली, मराठीतून शिकवायचं प्रशिक्षण घेतलेली बाई वर्गात नसेल तर त्या इमारतीचा काय उपयोग?

पुतणीनं कोल्हापूरकडचं कॉलेज धरलं. महाराष्ट्रातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या केंद्रीय प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी वेगळा प्रकार ठेवलेला आहे. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो, त्या भागातल्या मुलांना त्याचा आधार वाटतो. प्रवेश मिळाला. आम्ही दोघी निपाणीमार्गे बसनं कॉलेजात पोचलो, हातात कागदांची जाडजूड पिशवी.

महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतल्या मुलांची अर्धी शिक्षण फी सरकार भरतं. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला आठ लाख रुपये. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं त्या मर्यादेतल्या पात्र प्रवर्गांच्या मुलींना, केंद्रीय प्रवेशातून आल्या असतील तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आम्ही हेच ऐकून गेलो होतो.

खिडकीपलीकडच्या कारकुनानं उत्पन्नाचा दाखला उलटसुलट करून बघितला. तो आमच्या नाडकचेरीचा, म्हणजे कन्नडमध्ये. "बाई, हे वाचायचं कसं? आणि योजना महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. तुमचा पत्ता कर्नाटकाचा." मी म्हटलं, "अहो, प्रवेश देताना आम्ही सीमाभागाचे होतो. फीच्या वेळी परराज्यातले कसे झालो?" तो माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "भाषांतर करून आणा, अर्ज वर पाठवतो. पण पहिला हप्ता आज भरायला लागेल."

पुतणी बाहेर येऊन जिन्यावर बसली. "आत्या, राहू दे गे. मी दुकानात कामाला जाते." मला अण्णांची उचल आठवली. माझ्या पेन्शनीच्या खात्यातून हप्ता भरला. अर्ज अजून तपासणीत आहे.

माझी तक्रार त्या कारकुनावर नाही. शिक्षक घडवायला मदत लागते हे समाजाला कधीपासून ठाऊक आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ साली साताऱ्याला प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं. रयतमध्ये 'कमवा आणि शिका' म्हणत गरिबांची मुलं घाम गाळून शिकली. परदेशातल्या आपल्या वाचकांना अमेरिकेतली टीच ग्रँट माहीत असेल. शिक्षक होऊ पाहणाऱ्याला वर्षाला चार हजार डॉलरपर्यंत मदत मिळते. अट अशी की शिक्षण संपल्यावर आठ वर्षांच्या आत चार वर्षं गरीब वस्तीच्या शाळेत, ज्या विषयाला शिक्षक मिळत नाहीत तो विषय शिकवायचा. अट मोडली तर मदतीचं कर्ज होतं आणि व्याजासकट फेडावं लागतं. अट कडक आहे, पण शिक्षक कुठं हवा आहे हे तिथं आधी ठरवलेलं आहे.

आमच्याकडे शिक्षक कुठं हवा हे सगळ्यांना दिसतं. फी भरायची वेळ आली की मात्र एक राज्य म्हणतं शिक्षण तिकडं घेता, दुसरं म्हणतं राहता तिकडं. मधल्या मधे पोरगी जिन्यावर बसते.

ज्यांच्या घरात कुणी डी.एल.एड. किंवा बी.एड.ला जाणार आहे, त्यांना अनुभवाचे चार शब्द सांगते. रहिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला प्रवेशाआधीच काढा आणि कन्नड दाखल्यांचं प्रमाणित मराठी भाषांतर जोडा. दहावी-बारावी सीमाभागातल्या शाळेत झाल्याचं आणि मातृभाषा मराठी असल्याचं पत्र शाळेकडून घ्या. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना ते बघा, कारण मदत थेट खात्यात येते. प्रवेश केंद्रीय फेरीतूनच घ्या. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला फीमाफी नाही. आणि अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा.

मंडळालाही एक विनंती आहे. पहिल्या हप्त्यापुरता एक छोटा फिरता निधी करूया. शिष्यवृत्ती आली की मुलीनं पैसे परत करायचे आणि ते पुढच्या मुलीला द्यायचे. व्याज नको. बदल्यात सुट्टीत आपल्या भागातल्या मराठी शाळेत तिनं महिनाभर वर्ग घ्यावा. माझ्या पुतणीचा अर्ज मंजूर झाला तर तिच्या हप्त्याचे पैसे मी या निधीत टाकीन. नाही झाला, तरी पेन्शनीतून थोडे थोडे टाकीनच.

परवा ती सराव पाठाची तयारी करत होती. आमच्या जुन्या मागाच्या खोलीतच फळा टांगलाय. दादा दारात उभा राहून ऐकत होता. पाठ संपल्यावर त्यानं एकच विचारलं, "दुसरा हप्ता कधी आहे?"