एकट्याचा संसार आणि वाणसामानाचा हिशेब

पावसाळा तोंडावर आला की गोमंतकातील घराघरांतून पुरुमेंताची लगबग सुरू होते. उकडे तांदूळ, सुकी मासळी, आमसुले, चिंच, मीठ, मिरच्या आणि कांद्याच्या माळा यांची चार महिन्यांची बेगमी उन्हाळ्यातच करून ठेवण्याचा हा प्रघात जुना आहे. पोर्तुगीज भाषेतून आलेल्या या शब्दाचा अर्थच मुळी तरतूद असा आहे. ज्या घरात आठ-दहा माणसे जेवतात, त्या घराला ही रीत लाभदायकच ठरते. परंतु नोकरीनिमित्त घर सोडून वाळपई, सांगे वा काणकोण येथे एका खोलीत राहणारा शिक्षक, तलाठी किंवा परिचारिका जेव्हा हीच रीत जशीच्या तशी उचलते, तेव्हा स्वस्तात आणलेला माल अखेरीस महाग पडतो.

तांदळाचेच उदाहरण घ्यावे. दहा किलो एकदम घेतल्यास किलोमागे पाच रुपये सूट मिळते, म्हणजे पन्नास रुपये वाचले असे वाटते. दोन्ही वेळ घरी जेवणाऱ्या एका माणसाला दिवसाकाठी दीडशे ते दोनशे ग्रॅम तांदूळ लागतात. जो शनिवार-रविवारी आपल्या गावी जातो, त्याचे महिन्याला चार किलोही सरत नाहीत. दहा किलोंची ती पिशवी अडीच महिने खोलीत पडून राहते. हे अडीच महिने आषाढ-श्रावणातील असले, तर कोंदट हवेने तांदळाला कीड लागणे ठरलेलेच. त्यातील दोन किलो टाकावे लागले आणि किलोला पन्नास रुपये भाव धरला, तर शंभर रुपये गेले. पन्नास वाचविण्यासाठी शंभर घालविले, असा हा व्यवहार होतो.

तेव्हा एकट्या माणसाने दुकानातील भावाआधी स्वतःच्या खर्चाचा वेग ओळखावा. एक महिनाभर प्रत्येक जिन्नस आणल्याची आणि संपल्याची तारीख डब्यावर कागद चिकटवून लिहिली, की तूरडाळ किती दिवस पुरते, तेल किती लागते हे नेमके कळते. पुढील खरेदी त्या मापाने करावी. एकाच इमारतीत दोघे-तिघे शिक्षक राहत असतील, तर मोठी पिशवी सामाईक घेऊन वाटून घेणे उत्तम. त्यात सूटही मिळते आणि मालही पडून राहत नाही.

वेष्टनातील माल घेताना आता कायद्याचेही साहाय्य आहे. पूर्वी तेल, चहा, डाळी इत्यादी अनेक वस्तूंची वेष्टने ठराविक वजनातच भरावी लागत. २०२२ साली हे बंधन उठले आणि त्याच सुमारास वेष्टनावर एकक भाव छापणे आवश्यक झाले. एक किलोहून कमी वजनाच्या वेष्टनावर दर ग्रॅमचा, तर अधिक वजनाच्या वेष्टनावर दर किलोचा भाव दिलेला असतो. तेलाच्या दोन पिशव्या दिसायला सारख्या असल्या, तरी एकीत एक लिटर आणि दुसरीत त्याहून पुष्कळ कमी तेल असू शकते. किंमत पाहून दुसरी स्वस्त वाटते, एकक भाव पाहिला की खरे कळते. मात्र येथेही तारतम्य हवेच. २०० ग्रॅम मिरचीपूड ९० रुपयांना, म्हणजे ग्रॅमला ४५ पैसे, आणि ५०० ग्रॅम २०० रुपयांना, म्हणजे ग्रॅमला ४० पैसे पडली, तर मोठे वेष्टन निश्चितच स्वस्त. पण ते एकट्याला चार-पाच महिने पुरणार आणि तोवर मिरचीचा रंग व वास उतरणार. छापील कमाल किमतीत सर्व कर धरलेले असतात. तिच्याहून अधिक पैसे मागितले गेल्यास वजन-मापे खात्याकडे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

भाजीसाठी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार प्रसिद्ध आहे, परंतु वाळपईहून पाव किलो भेंडीसाठी तेथे जाणाऱ्याची बचत बसभाड्यातच संपेल. गोवा राज्य फलोत्पादन महामंडळाच्या गावोगावच्या विक्रीकेंद्रांवर भाजी सवलतीच्या दरात मिळते. जाता-येता तेथून दोन दिवसांपुरतीच घ्यावी.

साठवणीच्या काही जुन्या रीती एकट्यालाही उपयोगी पडतात. रवा आणल्याबरोबर कोरडा भाजून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. फोडलेल्या नारळाची डोळ्याची वाटी आधी वापरावी आणि दुसरीला आतून मीठ चोळून ठेवावे. मूठभर चवळी वा मूग भिजत घातले, तर पहिल्या दिवशी उसळ होते आणि उरलेल्यांना मोड आले की दुसऱ्या दिवशी ते भातात घालता येतात.

इंधनाचा खर्चही वाणसामानाच्या हिशेबातच धरला पाहिजे. डाळ अर्धा तास भिजवून, भात आणि एखादा बटाटा यांसह कुकरच्या डब्यांतून एकाच वेळी शिजवली, तर तीन पदार्थांना एकदाच गॅस जळतो. पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळणारा पाच किलोंचा लहान सिलिंडर नव्या जागी तात्पुरता सोयीचा असतो, परंतु त्यातील गॅस किलोमागे महाग पडतो. वर्षभर मुक्काम असल्यास रीतसर घरगुती जोडणी घेणेच परवडते.

एका गोष्टीकडे शाळांतील ज्येष्ठ शिक्षकांनी आपल्या नव्या सहकाऱ्यांच्या बाबतीत लक्ष द्यावे. एकट्यासाठी चूल कशाला पेटवायची, असे म्हणून पुष्कळ तरुण सकाळ-संध्याकाळ पोदेराकडून पाव घेतात आणि चहाबरोबर खाऊन निजतात. पाव वाईट नव्हे, पण पावावरच दिवस काढल्याने ताटातील डाळ आणि भाजी जाते. वहीत खर्च कमी दिसतो, तो पोट मारून झालेला असतो. नासणारे दोन किलो तांदूळ वाचविले, तर त्याच पैशांत किलोभर मूग येतात.

सामानाची उधारी वहीवर लिहून महिन्याअखेरीस फेडणाऱ्यांनी निदान भाव विचारून मगच नोंद करू द्यावी.

सिंधुदुर्ग, बेळगाव आदी जिल्ह्यांतून कामासाठी गोव्यात येणाऱ्या मजुरांपैकी अनेकांना आपल्या शिधापत्रिकेचा हक्क परराज्यातही चालतो याची कल्पना नसते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा पाच किलो धान्य मिळते आणि १ जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य दिले जाते. एक देश, एक शिधापत्रिका या योजनेनुसार अशा कुटुंबातील व्यक्तीला देशातील कोणत्याही रास्त भाव दुकानातून, ई-पॉस यंत्रावर आधार ओळख पटवून, हे धान्य उचलता येते. त्यासाठी नवी शिधापत्रिका काढावी लागत नाही. आपल्या वाट्याचे पाच किलो त्याने येथे उचलले, तरी घरी राहिलेल्या माणसांचा हिस्सा त्यांना गावच्या दुकानातून घेता येतो. पाच किलो म्हणजे एकट्या माणसाचे जवळजवळ महिन्याचे धान्य होय.