शाळेच्या दाखल्यावाचून विद्यापीठ

परभणीच्या मोंढ्यात शेकडो पोत्यांचा हिशेब बिनचूक लिहिणारा, परंतु दहावीच्या आतच शाळा सुटलेला एखादा चाळिशीचा गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. त्याला पदवीचा अभ्यास करावयाचा आहे. विद्यापीठाने त्याच्यापाशी काय मागावे? बालपणी न मिळालेले प्रमाणपत्र, की आजच्या पात्रतेचा पुरावा?

आरंभी ही पात्रता विद्यापीठच पारखीत असे. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले व 1859 साली त्याने पहिली प्रवेशपरीक्षा घेतली. मॅट्रिकची परीक्षा म्हणून पुढे प्रसिद्ध झाली ती हीच. न्यायमूर्ती रानडे तिच्या पहिल्या तुकडीतले. कालांतराने शाळा सोडतानाची परीक्षा घेण्याचे काम मंडळाकडे गेले, आणि मंडळाचे प्रमाणपत्र म्हणजेच पात्रता, असा समज रूढ झाला.

परभणीसारख्या जिल्ह्यात हा समज अधिक जाचक ठरला. सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या संस्थानात होता. तेथील उस्मानिया विद्यापीठ 1918 साली निघाले, पण त्याचे माध्यम उर्दू. मराठवाड्यास स्वतःचे विद्यापीठ औरंगाबादेस मिळाले ते 1958 साली. अशा मुलखात कित्येकांचे शिक्षण खुंटले ते बुद्धीच्या अभावी नव्हे, संधीच्या अभावी.

इंग्लंडात हाच विचार करून 1969 साली मुक्त विद्यापीठास सनद देण्यात आली. पूर्वपरीक्षेची कोणतीही अट न घालता 1971 पासून तेथे अध्यापन सुरू झाले. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने 1985 च्या नियमांत दूरशिक्षणापुरती अशीच वाट ठेविली. शालेय दाखला नसलेल्या, परंतु 21 वर्षे पूर्ण केलेल्या इच्छुकाने विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा द्यावी, अशी ती तरतूद होती. 1989 साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. बारावी न झालेल्या प्रौढांसाठी त्याने पूर्वतयारीचा शिक्षणक्रम काढला. तो पुरा करणारास पदवीच्या पहिल्या वर्षाचे दार उघडे झाले.

तथापि येथे सावधगिरी हवी. पूर्वतयारी उत्तीर्ण होणे म्हणजे बारावी उत्तीर्ण होणे नव्हे. ज्या नोकरीस बारावीच लागते, तेथे ही वाट अपुरी पडू शकते. शिवाय पायरी गाळूनही चालत नाही. पहिली पदवी नसता मिळविलेली मुक्त विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली ग्राह्य धरिली नाही. म्हणून प्रवेशापूर्वी त्या वर्षीचे नियम विद्यापीठाकडूनच लेखी समजून घेणे हिताचे.

प्रवेश सुलभ केल्याने विद्येचा दर्जा खालावेल, अशी शंका पुष्कळांना वाटते. परंतु पदवीचा दर्जा ठरतो तो अखेरच्या परीक्षेत. ती सर्वांना सारखीच कठोर असावी. प्रवेशाच्या वेळी मात्र प्रौढाची आजची योग्यता पाहावी. मोंढ्यातील त्या गृहस्थास सवलत नको आहे. आपली परीक्षा घेतली जावी, एवढेच त्याचे मागणे आहे.