फडावरचा हिशोब

पहाटेचे पाच वाजलेत. वाळवा तालुक्यातल्या या फडात कोयते केव्हाचे सुरू झालेत. जानेवारीची थंडी, पाचटावर दव, उजेड काय तो ट्रॅक्टरच्या दिव्यांचा. त्या झोतात एक बाई वाकते, बुडाशी कोयता घालते, पाचट सोलते, शेंडा उडवते, ऊस मागे टाकते. पुन्हा वाकते. चार हातांवर नवऱ्याचं तेच चाललंय. दोघं मिळून एक कोयता. हजेरी एक, हंगामाआधी मिळणारी आगाऊ उचलही एक, आणि ती नवऱ्याच्या हातात पडलेली.

टोळी बीडकडची, पाटोदा तालुक्यातली. दिवाळी झाली की गाव सोडायचं. बालाघाटाच्या माळावर दोन एकर कोरडवाहू आहे. यंदाचं सोयाबीन बियाण्या-खताच्या उधारीतच गेलं.

बांधावर गोधडीत वर्षाचं पोर झोपलंय आणि त्याच्याशेजारी आठ-नऊ वर्षांची बहीण जागी बसली आहे.

"शाळा?" मी विचारते.

"तिसरीला नाव हाये की," आई हात न थांबवता सांगते. गावात हंगामी वसतिगृह आहे, पोरीची तिथं सोयही झाली असती. पण मग इथं तान्ह्याकडे कोण बघणार?

उजाडता उजाडता मोळ्या भरायला सुरुवात होते. वाढ्यानेच आवळलेली मोळी, तीस-पस्तीस किलोची. ट्रॉलीला अरुंद फळी लावलेली आहे. बाई चपला खाली काढते, ओल्या फळीवर त्या सरकतात. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर मोळी. अनवाणी पाय आडवे टाकत ती चढते, वर मोळी सोडते आणि उतरते. तळपायाच्या भेगांत काळा चिखल भरलाय. नवव्या-दहाव्या खेपेनंतर मी मोजायचं सोडून देते.

न्याहारीला भाकरी आणि मिरचीचा ठेचा. तेवढ्यात नवरा हिशोब मांडतो. तोडणीचा दर जानेवारी २०२४ च्या करारात ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनाला ३६६ रुपयांवर आला. चांगला दिवस असला की दोघांची दोन टन तोड होते, म्हणजे ७३२ रुपये. टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून उचल घेतली आहे एक लाख. ती फेडायला २७३ टन ऊस तोडायला हवा, म्हणजे एकही खाडा न करता १३७ दिवस. हंगाम आता शंभर-सव्वाशे दिवसांतच आटोपतो. शिवाय वजन होतं कारखान्याच्या काट्यावर. काटा काय दाखवतो ते बघायला ही दोघं कधीच नसतात.

"आजारी पडलं की खाडा. त्या दिवसाची मजुरी नाही आणि वर दंड," तो म्हणतो आणि उठतो.

तो पाण्याला गेल्यावर बाई माझ्याजवळ सरकते. "माझी पिशवी काढलीय, ताई. तिशीच्या आतच. हा बारका झाला आन् मागनंच." फडात आडोसा नाही, पाणी नाही, पाळीतही मोळ्या वाहायच्याच. पोटात दुखायचं, अंगावरून जायचं. खाजगी दवाखान्यात गेली तर डॉक्टरांनी कॅन्सरची भीती घातली. "खर्च कुठून आणायचा? मुकादमाकडूनच आणला." म्हणजे ते ऑपरेशनही या लाखात आहे. कंबर आता रोज दुखते, तरी ती उभी आहे, कारण बसली तर खाडा.

तिच्यासारख्या किती? २०१९ मध्ये राज्य सरकारने या प्रकरणी समिती नेमली होती. त्या वेळच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. आकडा छापून आला, विधानमंडळात चर्चाही झाली.

या माणसांना काम नाही म्हणून ती गरीब आहेत, असं या फडात उभं राहून कुणी म्हणू नये. काम बारा-बारा तास आहे. मजुरी मात्र पेरणीत, लग्नात, दवाखान्यात आधीच खर्च झालेली असते. यंदा फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते आणि तिच्याबरोबर ही दोघंही. बांधावरची पोरगी मोठी झाली की तिच्या लग्नासाठी पुन्हा उचल, आणि लग्न लागलं की नव्या जोडप्याचा नवा कोयता.

ट्रॉली भरते. कारखान्याचा चिटबॉय चिठ्ठी फाडून ड्रायव्हरला देतो. चिठ्ठीवर शेतकऱ्याचं नाव आहे, गट नंबर आहे, गाडीचा नंबर आहे. तोडणाऱ्यांचं नाव नाही. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा व्यवहार मुकादमाशी आणि मुकादमाचा या नवऱ्याशी, तोही तोंडी. कागदोपत्री या बाईला मालकच नाही, मग भविष्य निर्वाह निधी कुणाकडे मागायचा आणि बाळंतपणाची रजा कुणाकडे?

शेतकऱ्याला उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, मिळावा म्हणून रस्ते अडतात, ते अडावेतही. पण त्याच तोंडाने आणखी एक मागणी व्हायला हवी. तोडणीची मजुरी कारखान्याने थेट बँकेत भरावी, नवऱ्याच्या खात्यात निम्मी आणि बायकोच्या खात्यात निम्मी.